उभं राहून सांगितलेलं

मिसेस ऑल्डरिजनं किल्ली काउंटरवर ठेवली आणि पुन्हा उचलली. झालं ते एवढंच. निळी फीत बांधलेली अकराव्या मजल्याची किल्ली दगडावर टेकली, तिचा बारीक आवाजसुद्धा झाला, ओर्लीननं सवयीनं हात पुढे केला, आणि तेवढ्यात म्हातारीची बोटं परत आली, किल्ली मुठीत गेली, मूठ पर्समध्ये गेली आणि पर्सची चेन लागली. "राहू दे गं," ती म्हणाली. "प्लंबर आला की मीच थांबेन घरात. उगाच तुला कशाला त्रास." ओर्लीन बरं म्हणाली. दुसरं काय म्हणणार? मिसेस ऑल्डरिज हसली, तिच्याकडे जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ बघत राहिली, आणि काचेच्या दारातून बाहेर रस्त्यावर निघून गेली. लांब कोट, लोकरी टोपी, हातमोजे, सगळा जामानिमा करून. घरात थांबणार म्हणे.

ओर्लीन गॅस्किन्सचा हात तसाच काउंटरवर राहिला. तिनं तो आत घेतला आणि उगीच वहीची पानं सारखी केली. काही नसेल, ती स्वतःला म्हणाली. म्हातारं माणूस, मन फिरलं असेल. पण मन असं फिरतं तेव्हा बोटं अशी घाईनं येत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. या बाबतीत तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. वीस वर्षं तिनं बोटंच वाचली होती. दुकानात आपण शेजारी उभे राहिलो की पर्सवर येणारी बोटं. कामाचा अर्ज वाचता वाचता एका चौकटीवर येऊन थांबणारी बोटं, आणि मग "आम्ही कळवू" म्हणत तोच अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी सरकवणारी बोटं. अर्ज कुठल्या कुठल्या कामांचे, तर कोंबड्या सोलायच्या, हॉटेलातल्या चादरी धुवायच्या, कचेऱ्यांच्या फरशा पुसायच्या. चादरी धुवायला माणूस निष्कलंक लागतो, हे तिला तेव्हा कळलं. कोंबड्यांच्या कारखान्यानं मात्र काही विचारलं नाही. तिथे चार वर्षं थंड पाण्यात उभं राहून तिचे गुडघे गेले. आता फिलाडेल्फियातल्या या बावीस मजली इमारतीच्या खाली, उबदार दालनात, तिला बसायला खुर्ची होती. पाठ टेकायची खुर्ची! पहिल्या दिवशी ती खुर्चीत बसली आणि तिला रडूच यायला लागलं; मग तिनं जमिनीवर पडलेलं काहीतरी उचलण्याचं सोंग केलं. येत्या शुक्रवारी सहा महिन्यांची उमेदवारी संपणार होती. शुक्रवारी मॅनेजर डोनाटो कायम झाल्याचं पत्र देणार, म्हणजे विमा, म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन, म्हणजे पन्नाशीनंतरचं आयुष्य दोन पायांवर. आज मंगळवार होता.

आणि कामच मुळी किल्ल्यांचं. तिच्या पाठीमागच्या कपाटात दोनशेबारा घरांचे आकडे होते आणि त्यांवर किल्ल्या टांगलेल्या असायच्या. काहींची किल्ली कायम तिथेच असायची, बाकीचे जाता जाता टाकून जात, कुत्र्याला फिरवणारी येईल, बहीण येईल, गालिचेवाला येईल. मिसेस ऑल्डरिज तर दर मंगळवारी. किल्ली ठेवायची आणि दोन शब्द बोलायचे, गुडघा कसा आहे, लेक अटलांटाहून येणार का. एकदा तिनं परदेशातून आणलेला साबण दिला होता. ओर्लीनला तो वापरवेना, तिनं तो कपड्यांच्या खणात ठेवला. अशी बाई आज किल्ली उचलून घेते. कुणी काही चोरलं असेल? कुणाच्या घरातून काही गेलं असेल आणि नाव... हा विचार आला मात्र, ओर्लीननं वळून कपाटातल्या किल्ल्या मोजल्या. न केलेल्या चोरीसाठी माणसाला घाम फुटावा, हे तुरुंगाचंच देणं. तिथून माणूस बाहेर येतो, पण दचकणं बाहेर येत नाही लवकर.

पण आता दचकायचं कारण नव्हतं. कारण नाही, नाही, ती मनाशी घोकत राहिली. तिच्या जुन्या गुन्ह्याचा कागद बंद झाला होता. गेल्या एप्रिलमध्ये न्यायाधीशबाईंनी चार मिनिटांत तो बंद केला. चार मिनिटं! ओर्लीननं नवा ड्रेस घेतला होता, चर्चमधल्या मेव्हिसनं तिचे केस आदल्या दिवशी स्वतः बसून विंचरले होते, काय विचारतील, काय बोलायचं, याची दोघींनी आठवडाभर तालीम केली होती, आणि न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघून एवढंच विचारलं की पंचवीस वर्षांत दुसरं काही नाही ना. नाही. मग शुभेच्छा, म्हणाल्या, आणि पुढचं नाव पुकारलं. आता तो गुन्हा कुणी शोधला तर सापडणार नव्हता. कुणी अर्जावर विचारलं तर "नाही" लिहायचा हक्क कायद्यानंच दिला होता. त्या दिवशी न्यायालयाच्या पायऱ्यांवर मेव्हिसनं तिला अशी मिठी मारली की दोघींच्या टोप्या खाली पडल्या. "सिस्टर ओर्लीन," ती म्हणाली, "आता तू आहेस ना, तेवढीच आहेस. मागे काही नाही."

मागे जे होतं ते तरी काय होतं. तेव्हा ती ज्याच्याबरोबर फिरायची त्या लिंडेलची एक पिशवी. ओर्लीन तेव्हा तेवीसची, लेक दोन वर्षांची, आणि लिंडेल म्हणाला, चार दिवस ठेव गं कपाटात. पिशवीत काय आहे हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं. पोलीस तिसऱ्या दिवशीच आले. नाव सांग, तुला सोडतो, असं तिला तीन तीन वेळा सांगितलं. तिनं तोंड उघडलं नाही. प्रेम म्हणून नाही, प्रेम होतं का हेही तिला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. आपल्याकडे कुणी विश्वासानं काही ठेवलं तर ते ओकायचं नाही, एवढंच घरचं वळण होतं. एकोणीस महिने ती आत होती. लिंडेल एकदाही भेटायला आला नाही. पत्रं यायची ती मेव्हिस टॉलिव्हरची. दर पंधरवड्याला, न चुकता, चर्चच्या कागदावर, मोठ्या गोल अक्षरात. मेव्हिस तेव्हा तिची कुणी नव्हती, दोन गल्ल्या पलीकडची, चर्चच्या गायनातली नुसती ओळखीची. पण पत्रात असायचं की तुझ्या लेकीला मी रविवारी मांडीवर घेऊन बसते, ती आता पूर्ण वाक्यं बोलते, तुझ्या आईचा खोकला बरा आहे. आई गेली ते पत्रही मेव्हिसचंच. त्या पत्रांवर ओर्लीन जगली. पुढे मेव्हिसनंच चर्चच्या तळघरात शनिवारचं मदत केंद्र काढलं, दोन तरुण वकील गोळा केले, अशा अडकलेल्या लोकांचे कागद बंद करून द्यायचे म्हणून. पहिल्या यादीत ओर्लीनचं नाव तिनं स्वतः घातलं.

एवढं सगळं झाल्यावर ओर्लीन गप्प कशी बसणार? त्यांच्या चर्चमध्ये असं होतं की ज्याला मिळालं त्यानं रविवारी उभं राहून सांगायचं. आजारातून उठलेल्यानं सांगायचं, मुलगा घरी परतलेल्या आईनं सांगायचं. साक्ष द्यायची. आई म्हणायची, देवाकडून घेऊन जो बसून राहतो तो घेणारा नव्हे, उचलणारा. तेवीस वर्षं ओर्लीन मागच्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या साक्षी ऐकत आली होती. हळूच टाळी वाजवायची, डोळे पुसायची, उठायची मात्र नाही. साऱ्या मंडळीला तिचं माहीत होतं, लपलेलं काहीच नव्हतं, पण माहीत असणं वेगळं आणि आपल्या तोंडानं सांगणं वेगळं. कागद बंद झाला त्या रविवारी मात्र तिला बाकावर बसवेना. उपासनेआधी ती मेव्हिसला बाजूला घेऊन गेली. कारण साथीच्या वर्षापासून चर्चची उपासना फोनवर दाखवायची पद्धत पडली होती आणि कॅमेरा मेव्हिसकडे असायचा. मी उभी राहिले की तेवढा बंद कर, ती म्हणाली. हे माझ्या माणसांसाठी आहे, जगासाठी नाही. मेव्हिसनं तिच्या गालाला हात लावला. बंद म्हणजे बंद, म्हणाली. आणि तिनं तो बंद केला. कॅमेऱ्यावरचा तांबडा दिवा विझलेला ओर्लीननं डोळ्यांनी बघितला आणि मगच ती उठली. मग ती काय काय बोलली ते तिला नीटसं आठवत नव्हतं. पिशवीचं बोलली. आईला मूठमाती द्यायला सोडलं नाही ते बोलली. लेक पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा मेव्हिसला आई म्हणाली, ते बोलली, आणि ते तिनं त्याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. पांढऱ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या पुढून म्हणत होत्या, सांग बाई, सांग. पाळक ह्युलेटनी चष्मा काढून ठेवला. बोलून झाल्यावर तिचं अंग असं हलकं झालं की खाली बसताना तिला बाकाची कड धरावी लागली. त्यानंतर तळघरात माशांचं जेवण होतं. ती दोनदा वाढून घेऊन जेवली.

दुपारी एकच्या सुमाराला मिसेस ऑल्डरिज परतली. हातात पांढरा पुठ्ठ्याचा खोका, त्याला सोनेरी दोरी. तो तिनं काउंटरवर ठेवला आणि ओर्लीनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. हातमोजे तिनं काढले होते. एवढी तसदी घेतली होती तिनं. "मी बघितलं गं," ती म्हणाली. "मला राहवलं नाही. काल दोनदा बघितलं. तुझी मुलगी त्या दुसऱ्या बाईला आई म्हणाली, तिथे तर मी थांबवलंच, मला पुढे बघवेना. किती सोसलंस तू. आणि मी रोज तुला बघतेय आणि मला काही माहीतच नाही. मला फार अभिमान वाटतो तुझा." ओर्लीनला आधी वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. मग 'आई' हा शब्द तिच्या कानांत शिरला आणि सगळं दालन लांब लांब गेलं. काय बघितलं, कुठे बघितलं, तिनं विचारलं. मिसेस ऑल्डरिजनं आनंदानं फोन काढून दाखवला. ती त्या मदत केंद्राला दरवर्षी देणगी द्यायची. तिच्या नवऱ्याच्या आठवणीत. असल्या लोकांना समाजानं दुसरी संधी दिली पाहिजे, असं नवऱ्याला फार वाटायचं, आणि तिलाही वाटतं. आता नव्या वर्षाचं आभाराचं पत्र आलं, त्यात ही चित्रफीत होती.

फोनमध्ये ओर्लीन उभी होती. जांभळा ड्रेस, विंचरलेले केस, उघडं पडलेलं तोंड. चित्र जरा खालून घेतलेलं होतं, बाकावर बसलेल्या माणसानं मांडीवरून घ्यावं तसं. खाली अक्षरं येत होती: हिचा कागद आता बंद झाला आहे, तुमच्यामुळे. आणि मग शेवटी दुसरं एक चित्र, ओर्लीन याच खुर्चीत, याच काउंटरमागे, इमारतीचं नाव कोटाच्या खिशावर, दात दाखवून हसणारी. ते चित्र तिनंच स्वतःचं काढलं होतं, कामाच्या पहिल्या दिवशी, आणि जगात एकाच माणसाला पाठवलं होतं. तिला एकदम एक गोष्ट आठवली, आणि आठवली म्हणणंही खोटंच, कारण ती विसरलीच नव्हती. त्या रविवारी बोलता बोलता तिनं मेव्हिसकडे बघितलं होतं. मेव्हिसचा फोन तिच्या मांडीवर उभा होता. डोळे पुसायला रुमाल काढताना आला असेल बाहेर, असं ओर्लीननं तेव्हा ठरवलं होतं आणि ती बोलत राहिली होती. ठरवलं होतं! कुणी सांगितलं होतं ठरवायला? माणूस एकदा विश्वास टाकतो आणि मग तो राखायला स्वतःच स्वतःच्या डोळ्यांवर हात ठेवत बसतो. तिला मेव्हिसचा राग येण्याआधी स्वतःचाच संताप आला, आणि तो संताप पोचायच्या आत पुन्हा मेव्हिसचा चेहरा आला, गालाला हात लावणारा, बंद म्हणजे बंद म्हणणारा. 

"मी मिस्टर डोनाटोंनाही दाखवलं," मिसेस ऑल्डरिज म्हणाली. "म्हटलं, बघा, आपल्या इमारतीत केवढी मोठी माणसं आहेत." खोक्यात लिंबाचा केक होता. तो काउंटरवर तसाच ठेवून ती लिफ्टकडे गेली. आणि तिला काही वाईट केल्यासारखं वाटलं नव्हतं, वाटायचं कारणही नव्हतं, हेच ओर्लीनला सहन होईना. ही बाई खोटी नव्हती. तिला रडू आलं ते खरं होतं, देणगी खरी होती, अभिमान खरा होता. फक्त किल्ली तिनं पर्समध्ये ठेवली होती, आणि तेही तिच्या लक्षात न येता झालं असेल. उघड वैर केलं असतं तर बरं झालं असतं, ओर्लीनला वाटलं, निदान भांडता तरी आलं असतं. केकशी कसं भांडणार?

शुक्रवार येईपर्यंतचे दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला माहीत. मेव्हिसचे तीन फोन आले, तिनं घेतले नाहीत. बुधवारी सातव्या मजल्यावरच्या माणसानं आपली किल्ली परत मागितली, सहज, म्हणे दुसरी हरवली. गुरुवारी आणखी तिघांनी. कोणी काही बोललं नाही. उलट सगळे फार गोड बोलायला लागले, नावानिशी हाक मारायला लागले, ज्यांनी सहा महिने मान वर करून बघितलं नव्हतं ते गुडघ्याची चौकशी करायला लागले. कपाटातले आकडे एकेक करून रिकामे होत होते आणि ओर्लीन पाठमोरी बसून ते मोजत नव्हती, पण तिच्या पाठीला कळत होतं.

शुक्रवारी साडेतीनला डोनाटोनं तिला आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. जाडसर, घामट, स्वतःच्याच गळपट्टीत अडकल्यासारखा. त्यानं तिला पाणी दिलं. मग तो बराच वेळ इमारतीबद्दल बोलला, रहिवाशांच्या समितीबद्दल बोलला, आपल्या एका मामेभावाबद्दल बोलला जो दोन वर्षं आत होता आणि फार चांगला माणूस होता. शेवटी त्यानं अर्ज काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गुन्ह्याच्या प्रश्नावर तुम्ही "नाही" लिहिलंय, तो म्हणाला.

"कायद्यानं मला तसं लिहिता येतं," ओर्लीन म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा सरळ निघाला.

"माहीत आहे मला कायदा. कायद्याची गोष्टच नाही ही. तुमच्याविरुद्ध माझ्याकडे एक अक्षर नाही, उलट तुमच्यासारखं काउंटर आजवर कुणी सांभाळलं नाही." त्यानं कपाळ पुसलं. "पण लोक किल्ल्या देत नाहीयेत, मिस गॅस्किन्स. किल्ल्याच नाहीत तर काउंटरवर माणूस ठेवून मी करू काय, तुम्हीच सांगा."

उमेदवारी वाढवता येत नव्हती, आणि काढण्याचं कारणही कुठे लिहायचं नव्हतं; तसं काही न लिहिता संपवायची सोय उमेदवारीत असतेच. तळमजल्यावर सफाईचं एक काम होतं, हवं असेल तर, विमा नाही. हे सगळं तो तिच्याकडे न बघता म्हणाला. कोट मात्र सोमवारपर्यंत धुऊन आणून द्या, म्हणाला, आणि ते म्हणताना तो इतका ओशाळला की ओर्लीनलाच त्याला बरं म्हणावं लागलं. बाहेर बर्फाचा चिखल झाला होता. घरी जाताना ट्राममध्ये तिला जागा मिळाली नाही. ती दांडी धरून उभी राहिली आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत गेली, जिथे तिला तीनदा नाव विचारलं होतं. तीनदा! आणि तिनं त्या नालायक माणसाचं नाव गिळून टाकलं होतं. दुसऱ्याचं इतकं जपलेल्या माणसाचं एक एवढंसं कुणाला जपता येऊ नये? बरं, मागितलं काय होतं, तर एक कॅमेरा बंद कर. ती रडली नाही. तिला रडण्यापेक्षा कुणाचा तरी गळा धरावासा वाटत होता, आणि तो कुणाचा हेही तिला पक्कं माहीत होतं.

शनिवारी सकाळी ती चर्चच्या तळघरात उतरली तेव्हा अंगात तोच कोट होता. दुसरा तेवढा गरम कोट तिच्याकडे नव्हता. तळघर भरलेलं. घडीच्या खुर्च्यांवर पन्नासएक माणसं कागदांची पाकिटं मांडीवर धरून बसली होती, कॉफीचा वास, ओल्या बुटांचा वास, वकील पोरं दोन टेबलांवर मान मोडून लिहीत होती. मेव्हिस तिला बघून कॉफीच्या भांड्यापाशीच थांबली. साठीची बाई, पण ओर्लीनला ती आज पहिल्यांदा म्हातारी वाटली. दोघी पडद्यामागे, खुर्च्या रचून ठेवतात त्या कोपऱ्यात गेल्या.

मेव्हिसनं काही नाकारलं नाही. निदान नाकारायचं तरी होतंस, ओर्लीनला वाटलं. ती सांगत गेली की केंद्राचे पैसे संपले होते, जानेवारीत वकिलांना नको म्हणायची पाळी आली होती, यादीत दोनशे नावं होती, आणि देणारे म्हणाले, आकडे नकोत, चेहरा दाखवा. कुणाचा दाखवणार होते मी? या बाहेर बसलेल्यांकडे बघ एकदा. कुणाला दात नाहीत, कुणी नीट दोन वाक्यं बोलत नाही. तू एकटी अशी होतीस की बघणाऱ्याला वाटावं, हो, ही सुधारली. सहा-सात म्हातारे बघतील आणि विसरतील, असं वाटलं मला, ओर्लीन. तुझ्याच इमारतीत त्यातली एक राहत असेल, हे मला कसं ठाऊक असणार.

"मला विचारायचं होतंस," ओर्लीन म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली, जेवायला काय आहे ते सांगावं तसं. ओर्लीनला वाटलं, आपण हिला मारणार. हात उचलणार आपण. पण हात जागचा हलला नाही. एकोणीस महिन्यांची पत्रं तिच्या डोळ्यांसमोर आली, सगळी, गोल गोल अक्षरांची, आणि तिच्या मनात आलं की तेव्हाही ही पोस्टाच्या पेटीपाशी उभी राहून असाच हिशेब करत असेल का, या पोरीचं दुःख कशाच्या उपयोगी पडेल म्हणून. नसेल. नक्की नसेल. पण आता ती पत्रं कधीच तशी वाचता येणार नव्हती. नोकरी गेली त्याहून हे मोठं गेलं होतं, आणि हे कुठल्या न्यायालयात मागायचं? गेली गं नोकरी, ती म्हणाली. मेव्हिसनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून ती हळूच म्हणाली की या वेळचे पैसे आले, एवढे कधी आले नव्हते, दोन वर्षांची सोय झाली. आणि आता मी विचारते, म्हणाली, खरंच विचारते. तिनं एप्रनच्या खिशातून एक छापील कागद काढून दाखवला. चेहरा आणि साक्ष दाखवायला माझी हरकत नाही, असं त्यावर होतं. तो दाखवताना तिला कौतुकाची अपेक्षा होती की क्षमेची, ते कळत नव्हतं.

ओर्लीन पडदा सारून बाहेर आली ती सरळ दाराकडे जायला. सगळ्यांसमोर सांगायचं, एवढं एक तिनं जिन्यावरच ठरवून ठेवलं होतं: घरी जा सगळे, कागद बंद होतो आणि ही बाई तो उघडते. वाक्य तिच्या दाताशी आलं होतं. तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक बाई उठून उभी राहिली. तिशीची असेल, हडकुळी, हाताला कपडे धुण्याच्या सोड्यानं भेगा पडलेल्या. "अगंबाई, तुम्हीच ना त्या," ती म्हणाली. "माझ्या वहिनीनं मला फोनवर दाखवलं. मी दोन बस बदलून आले ते तुमच्यामुळे." खोलीतल्या माना वळल्या. बाईची नजर ओर्लीनच्या कोटावर गेली, खिशावरच्या इमारतीच्या नावावर थांबली आणि ती एवढी उजळली की ओर्लीननं मान खाली घातली. "मला कोणी धुण्याचंसुद्धा काम कायम देत नाही हो. दोन पोरं आहेत. हे खरं असतं ना पण? म्हणजे कागद बंद झाला की काम मिळतं ना खरंच?"

  वकिलांची पेनं थांबली. पडद्यापाशी मेव्हिस उभी होती, हातात तो छापील कागद, आणि ती ओर्लीनकडे बघत होती. विनवत नव्हती ती. नुसती बघत होती, सगळं तुझ्या हातात आहे म्हणून. ओर्लीनला तिची ती नजर सर्वांत जास्त राग आणणारी वाटली, कारण तिच्यात विश्वास होता.

"मिळतं," ओर्लीन म्हणाली.

बाईनं गळ्यातल्या मफलरचं टोक पदरासारखं डोळ्यांना लावलं आणि ती हसली. कुणीतरी मागून टाळी वाजवली, मग आणखी कुणी. "मग माझंही दाखवा लोकांना," बाई म्हणाली. "माझं झालं की मीपण उभी राहून सांगेन. मला कसली लाज आता." मेव्हिस पुढे आली. तिनं हातातला कागद टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी पेन ठेवलं, आणि एक पाऊल मागे सरकली. बाई खाली वाकली. अक्षरं बारीक होती, तिला ती नीट लागेनात. ती कागद जवळ नेऊन, लांब नेऊन बघू लागली. मग तिनं विश्वासानं मान वर करून ओर्लीनकडे बघितलं आणि विचारलं, कुठे करायची सही.

ओर्लीननं एकदा मेव्हिसकडे बघितलं. मग ती टेबलाशी गेली, तिनं कागद सरळ केला आणि सर्वांत खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"इथे," ती म्हणाली. "इथे कर."